राखाडी पँट, निळा दोरा

कमर

मास्तरांनी श्वास आत ओढला, पोट पाठीला नेऊन चिकटवलं आणि राखाडी पँटचा हूक दोन बोटांत धरून हळूच पुढे आणला. दर रविवारी हा हूक आपल्या घराच्या जरा अलीकडेच अडून बसायचा, रुसलेल्या जावयासारखा. आज तो कुरकुर न करता गेला आणि आपल्या जागी बसला.

त्यांनी श्वास सोडला. हूक तसाच. वाकून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं. हूक जागचा हलला नाही.

"अगं ए! ऐकलंस का? भाडेकरूनं जागा सोडली!"

बायको धुणं तसंच टाकून ओल्या हातांनी दारात आली.

"खरंच की हो! श्वास धरून ठेवला नाहीत ना?"

"बोलतोय ना मी? श्वास धरून कुणी एवढं बोलतं का?"

"तुम्ही बोलाल. तुमचा काय नेम."

मुलगी टेबलाशी बसून उकडलेलं अंडं सोलत होती. कवचाचा एकेक तुकडा काढून ताटलीच्या कडेला रांगेत लावत होती.

"काय मास्तरीणबाई, आपलं काय म्हणणं आहे?"

तिनं वर पाहिलं. पँटकडे नाही, बापाच्या तोंडाकडे.

"बसली," ती म्हणाली. "आता झालं ना?"

"झालं म्हणजे काय! आता ही घालून गावभर मिरवणार आहे मी."

"मग झालं," ती म्हणाली आणि अंड्यातला पिवळा बलक काढून बाजूला ठेवला.


गिऱ्हाइकाशी कसं बोलावं

मास्तरांचं शिंपीकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिवणयंत्र खिडकीशी, कापायचं टेबल मधोमध, मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना टांगलेले लोकांचे कपडे. मधल्या दाराला नुसता पडदा. दुकानात बोललेलं घरात ऐकू यायचं, घरात शिजलेलं दुकानात.

मास्तरांच्या शिवणीइतकीच त्यांची जीभ नावाजलेली होती. कुणी गिऱ्हाईक जुना कोट घेऊन आलं, लाजत लाजत म्हणालं की जरा घट्ट होतोय, तर मास्तर कोट उजेडात धरायचे, भुवया आवळायचे आणि म्हणायचे, "कापड आटलंय हो. हल्लीचं कापडच असं. तुमचं काही नाही यात." माप घेताना आकडा मोठ्यानं उच्चारायचे नाहीत. टेपवर अंगठा ठेवायचा, डोळ्यांनी वाचायचं आणि खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला लिहायचं. माणूस आला तेव्हापेक्षा थोडा ताठ होऊन परत गेला पाहिजे, असा त्यांचा धंद्याचा नियम होता. तो त्यांना त्यांच्या बापानं शिकवला होता.

मुलगी त्या टेबलाखाली रांगली, टेबलाशी उभी राहिली, मग टेबलावर कोपर टेकून टाचण्या द्यायला लागली. 'कापड आटलंय' हे वाक्य तिनं बोलता येण्याच्या आधीपासून ऐकलं होतं. कोट आत नेताना मास्तर तिला डोळा मारायचे. ती तोंडावर हात धरून हसायची.


पोटाची नावं

भाडेकरू: भाडं देत नाही, जागा सोडत नाही.

गोदाम. माठ. पुढारी, कारण सगळीकडे माझ्या आधी पोचतो.

उंदीर पाळलेलं पोतं. हे का, ते कुणालाच कळलं नाही, पण हसू सगळ्यांना आलं.

सासुरवाडीची ठेव. हे बायकोसमोर.

एका रविवारी नुसतंच "हे". आरशासमोर उभं राहून दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "हे बघा. हे घेऊन माणसानं जायचं कुठं?" त्या दिवशी कुणी हसलं नाही. मास्तरांना वाटलं, विनोद जमला नाही.


डॉक्टरीणबाई

गुडघे दुखायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मास्तर डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. वजन सावकाश उतरवा म्हणाल्या. उपाशी राहायचं नाही. रोज चाला. घरात सगळे खातात तेच खा, वेगळं ताट मांडू नका.

"आणि घरात मूल आहे ना? मग ताटाकडे बघून नाक मुरडू नका. 'हे पाप आहे, ते विष आहे' असलं काही बोलू नका. मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, दिसलेलं शिकतात."

मास्तरांनी हे अगदी मनावर घेतलं. घरी येऊन बायकोशी बोलले. नियम ठरले. घरात वजनाचा काटा आणायचा नाही. मुलीच्या खाण्यावर चकार शब्द काढायचा नाही, मुलीच्या अंगावर तर नाहीच. ती बापावरच गेली होती. तीच रुंद चण, तेच गोल खांदे, चालताना किंचित बाहेर पडणारी पावलं. वाढीचं वय. तिला कुणी काही म्हणायचं नाही.

आणि कुणी म्हटलंही नाही. मास्तर सकाळी चालून यायचे, भाजी-भात मापात खायचे, काकडी कचाकचा चावायचे. वजन खरोखरच उतरू लागलं. तरी काटा नाही म्हटल्यावर उतरलेलं मोजायचं कशावर? म्हणून त्यांनी ट्रंकेतून तरुणपणी शिवलेली राखाडी पँट काढली आणि मागच्या भिंतीवरच्या शेवटच्या खिळ्याला टांगली. दर रविवारी न्याहारीच्या वेळी घालून बघायची. घरात थोडी करमणूक, दुसरं काय.

जेवणाआधी पेलाभर पाणी प्यायचं हे मात्र त्यांचं स्वतःचं. "पोटाला गंडवायचं," ते पेला उंचावून म्हणायचे. "भरलंय असं वाटलं पाहिजे लेकाला."

थोड्याच दिवसांत मुलगीही जेवणाआधी पाणी पिऊ लागली. भात कमी घेऊ लागली. काकडी जास्त.

"बघा," बायको कौतुकानं म्हणाली, "न सांगता शहाणी झाली."


मागची शिवण

त्या रविवारी दुकान बंद असूनही मास्तर यंत्राशी जाऊन बसले. वकीलसाहेबांचा कोट सोमवारी सकाळी द्यायचा होता; खरं म्हणजे राखाडी पँट घालून कुठंतरी बसायचं होतं. त्यांनी पायडल मारलं, चाक फिरलं, आणि कमरेमागं काहीतरी टोचलं.

ते सरकून बसले. पुन्हा टोचलं.

मास्तरांच्या शिवणीत टोचण्यासारखं काही नसतं. शेवटाला यंत्र मागेपुढे फिरवून टाका पक्का करायचा, गाठ मारायची नाही. गाठ मारणं म्हणजे नवशिक्याचं काम, असं ते बापाच्या तोंडून शिकले होते आणि मुलीला शिकवत होते. ही तर गाठ होती. चांगली वाटाण्याएवढी वाटत होती पाठीला.

ते उठले, पडदा नीट ओढला, पँट उतरवली आणि उलटी केली.

मागच्या मधल्या शिवणीत शिंपी थोडं जादा कापड मुडपून ठेवतो. माया म्हणतात त्याला. माणूस सुटला की शिवण उसवायची, त्यातलं थोडं कापड बाहेर सोडायचं, पुन्हा शिवायची. मास्तरांनी तरुणपणी स्वतःसाठी भरपूर माया ठेवली होती. ती आता निम्मी उरली होती. जुन्या टाक्यांची भोकं मोकळी दिसत होती आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला हातानं घातलेला धावदोरा होता. टाके जरा वाकडे, पण जवळजवळ. शेवटी गाठ. गाठीवर आणखी एक गाठ.

ते नुसत्या चड्डीत उभे राहून ते टाके बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं. लबाड! बापाचं कौतुक व्हावं, बाप खूश व्हावा म्हणून कधी बसून शिवलं असेल हे? बोटाला किती वेळा टोचलं असेल? डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. आपण कापड आटलं म्हणून लोकांना सांगतो, आणि हिनं आपल्यासाठी कापड वाढवून ठेवलं. बापाची पोर.


दोरा

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. दोरा राखाडी असता तर संपलीही असती.

पण दोरा निळा होता.

राखाडी रीळ यंत्रावर, तिच्या नाकासमोर होतं. टेबलाच्या खणात दुसरं होतं. रंग जुळवल्याशिवाय सुई हातात धरायची नाही, हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. तरी निळा. म्हणजे सुईत आधीपासून निळा दोरा ओवलेला होता. म्हणजे ती आधी काहीतरी निळं शिवत होती.

मास्तरांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. उद्याच्या शाळेसाठी इस्त्रीला काढलेला तिचा गणवेशाचा निळा स्कर्ट तिथं लटकत होता.


उलटी बाजू

तो स्कर्ट त्यांनी स्वतः दोनदा सोडवला होता. तिला न सांगता. ती मैत्रिणीकडे गेली की स्कर्ट काढायचा, बाजूच्या शिवणी उसवायच्या, थोडं कापड सोडायचं, पुन्हा यंत्रावर घालायचं, इस्त्री करून जागच्या जागी टांगायचं. तिला कळूच नये, तिच्या जिवाला लागू नये. हे करताना त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला होता. दुसरा बाप असता तर बोलला असता.

त्यांनी स्कर्ट उलटा केला.

यंत्राची त्यांची शिवण जागेवर होती, सरळ, बारीक. पण तिच्या आतल्या अंगाला बोटभर अंतरावर दुसरी ओळ होती. निळा धावदोरा. दोन्ही बाजूंना. बापानं जेवढं सोडलं होतं तेवढं सगळं तिनं परत आत घेतलं होतं, आणि वर थोडं अधिक. कमरपट्टीपाशी टाके दुहेरी होते. ताण पडून कापडाला तिथं चुण्या पडल्या होत्या आणि एका ठिकाणी धागे विरले होते.

मास्तर नजरेनं माप सांगणारे. हा स्कर्ट घालून तिला बसता येत असेल, पण पोटभर श्वास घेता येत नसेल, हे त्यांना टेपशिवाय कळलं.

आणि मग एक एक गोष्ट मागून येऊन उभी राहिली, रांगेत, अंड्याच्या कवचासारखी. बाजूला काढलेला बलक. पाण्याचा पेला. शाळेतून आल्या आल्या कपडे बदलायला धावणं. वकीलसाहेब मागं कोटाचं माप द्यायला आले होते, तेव्हा टाचण्यांची डबी धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून म्हणाले होते, "मास्तर, पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय हं. डिट्टो!" आणि मास्तरांनी पोटावर थाप मारून म्हटलं होतं,

"हो ना. बिचारीचं नशीब!"

सगळे हसले होते. टाचण्यांची डबी हसली होती का, हे त्यांना काही केल्या आठवेना.


दारात

"माझा स्कर्ट का घेतलास?"

पडदा बाजूला करून ती उभी होती. मास्तर घाईनं आपली रोजची पँट चढवत होते. एक पाय आत, एक बाहेर. एरवी यावर तासभर विनोद झाला असता. ते कसेबसे सावरले. स्कर्ट टेबलावर पसरलेला होता, उलटा.

"अगं, हे बघत होतो. हे कापड ना, आटलंय. यंदाचं कापडच—"

"बाबा."

"नाही, खरंच, धुण्यात असलं कापड—"

"ते गिऱ्हाइकांना सांग ना."

मास्तरांनी स्कर्टवरचा हात काढून घेतला. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"मी सोडवलेलं तुला कधी कळलं?"

"बाजूला पट्टा दिसतो की. आतलं कापड जास्त निळं असतं, उन्हात न गेलेलं. तूच दाखवलंयस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

तिनं हे भांडायला म्हटलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

"दुखत नाही का गं? एवढं घट्ट?"

तिनं खांदे उडवले. "सवय होते. तू पण धरतोसच की श्वास. रविवारी."

"आणि माझी पँट?"

ती टेबलाजवळ आली. खडूचा तुकडा उचलला, बोटांत फिरवला.

"एकदा बसली की संपेल असं वाटलं."

"काय संपेल?"

"ते. रविवारचं."

"तू तर हसायचीस."

"आधी हसायचे," ती म्हणाली.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले, म्हणजे तिच्या उंचीला आले. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई बोलल्या असत्या तसं काहीतरी. अंग वाढतं, वाढायलाच हवं, त्यात लाजायचं काही नाही.

"हे बघ, तू वाढतेयस. वाढायचंच वय आहे तुझं."

"तुझ्यासारखी," ती म्हणाली.

विचारलं की सांगितलं, ते कळलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं आणि तिथं नावांची गर्दी झाली. भाडेकरू, गोदाम, माठ, पुढारी. इतक्या रविवारी जमवलेली, सगळ्यांना हसवलेली, एकाहून एक. त्यांच्यामागं 'बिचारीचं नशीब' हेही उभं होतं. चांगला शब्द एकही नव्हता. आपल्या अंगासाठी त्यांनी कधी केलाच नव्हता.

"हो," ते शेवटी म्हणाले. "माझ्यासारखी."

तिनं मान हलवली, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगावं तशी, आणि खडू जागच्या जागी ठेवला.


उसवण

मास्तरांनी पातं घेतलं आणि स्कर्टवरचे निळे टाके काढायला बसले. पोरीनं दोरा आवळून ओढला होता. ओढून काढला तर कापड फाटलं असतं. एकेक टाका उचलायचा, कापायचा, चिमटीनं काढायचा. यंत्राची लांबलचक शिवण ते बोलता बोलता उसवायचे. ही उसवेना.

ती थोडा वेळ उभी राहून बघत होती. मग आत गेली. रागावून गेली, की कंटाळून, की बरं वाटून, हे पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं.

बायको आली. तिला त्यांनी काही सांगितलं नाही, नुसते दोन्ही कपडे दाखवले. तीही शिंप्याची बायको. तिला टाके वाचता येत होते. तिनं स्कर्टच्या कमरपट्टीवरून अंगठा फिरवला.

"मी तर शहाणी म्हणाले हो तिला," ती म्हणाली.

पँटचे टाके त्यांनी काढले नाहीत. पँट घडी करून ट्रंकेत, अगदी तळाशी ठेवली. शेवटचा खिळा रिकामा राहिला.


पुढचा रविवार

न्याहारीला मास्तर रोजच्या कपड्यांत आले. मुलीनं भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि मान खाली घालून वाट बघत बसली. काही सुरू झालं नाही. बायकोनं पाव पुढे केला. मास्तरांनी घेतला. तिघंही चावत राहिले, आणि त्या शांततेत मास्तरांना उमगलं की या टेबलावर पोट सोडून दुसरं काही बोलल्याला बरेच महिने झालेत.

"शाळेत काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

दुपारी बायकोनं भात वाढला, भाजी वाढली. मास्तरांनी सकाळी चालून आल्यावर यंत्राशी बरंच काम केलं होतं. भूक लागली होती. त्यांनी आपला पाण्याचा पेला उचलून ताटापासून लांब, खिडकीत नेऊन ठेवला. मग भाताचं भांडं ओढलं, एक पळी घेतली, थोडं थांबले आणि आणखी अर्धी घेतली. मापाबाहेर नव्हतं ते. पोटाला थाप मारली नाही. कुणाला गंडवलं नाही. पहिला घास चावला, गिळला.

"चांगली झालीय भाजी," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच आला, नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाचा येतो तसा.

समोर ती बघत होती. त्यांच्या तोंडाकडे नाही, ताटाकडे. मग खिडकीकडे, तिथल्या पेल्याकडे. मग पुन्हा ताटाकडे.

तिचा पेला तिच्या हातात होता. काठोकाठ भरलेला. तो तिनं ओठांपर्यंत नेला नव्हता, खालीही ठेवला नव्हता.

मास्तरांनी दुसरा घास घेतला, आणि सावकाश चावत राहिले.